फायर एम्ब्लेम एंगेज : डाव पक्का, कथा कच्ची

'फायर एम्ब्लेम एंगेज' हा निन्टेन्डो स्विचवर जानेवारी २०२३ मध्ये आलेला डावपेचांचा रोल-प्लेइंग गेम. यातली लढाई चौकोनी घरांच्या पटावर, बुद्धिबळासारखी आळीपाळीने खेळली जाते. मात्र इथल्या प्रत्येक मोहऱ्याला नाव, स्वभाव आणि नातीगोती असतात, आणि लढता लढता त्याचे बळ वाढत जाते.

या मालिकेचा पहिला गेम इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीने १९९० मध्ये जपानमध्ये आणला. लढाईत पडलेले पात्र पुन्हा उठत नाही, हा त्यातला नियम. जुने चाहते जडले ते या नियमापायी. सैनिक गमावण्याची खरी भीती असल्याशिवाय चाल विचारपूर्वक केली जात नाही, असे ते मानतात आणि ते बरोबर आहे. पुढे पडलेली पात्रे पुढच्या लढाईत परत आणणारा 'कॅज्युअल' पर्याय आला. २०१२ च्या 'अवेकनिंग'ने याच सोयीसह बंद पडू पाहणारी मालिका वाचवली, तेव्हा त्या पर्यायाला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. २०१९ च्या 'थ्री हाउसेस'ने कथा फार उंचीवर नेली, पण त्यात तलवार, भाला आणि कुऱ्हाड यांचे जुने त्रिकूट जवळजवळ नाहीसे झाले. तलवार कुऱ्हाडीवर भारी, कुऱ्हाड भाल्यावर, भाला तलवारीवर, असे ते १९९६ पासून मालिकेच्या हाडीमाशी रुजलेले होते.

'एंगेज'ने ते परत आणले, आणि अधिक धारदार करून. सरस शस्त्राने चढाई करून वार लागला, की शत्रूचे हत्यार गळून पडते. त्या झटापटीत आणि पुढच्या एका झटापटीत त्याला उलटा वार करता येत नाही. त्यामुळे कोणी आधी जायचे याला विलक्षण महत्त्व येते. कुऱ्हाडवाल्यासमोर आधी तलवारबाज पाठवला, तर एरवी एका घावात गारद होणारा जादूगार मागून बिनधोक मारा करू शकतो. क्रम चुकला तर तोच जादूगार जातो. शत्रूही हीच युक्ती वापरतो. जड चिलखत घातलेले सैनिक तेवढे तिला बधत नाहीत, म्हणून अरुंद वाटेवर त्यांना उभे करावे लागते. मालिकेत पटावरचा विचार इतका नेटका क्वचितच झाला आहे.

त्यात बारा अंगठ्यांची भर आहे. प्रत्येकीत मालिकेतल्या जुन्या नायकाचा किंवा नायिकेचा आत्मा वसतो आणि अंगठी घालणारा काही पाळ्यांपुरता त्याच्याशी एकरूप होतो. सिगर्डची अंगठी घातलेला स्वार पटाच्या एका टोकाहून दुसरीकडे झेपावतो. खेळाडू या बळाला सरावतो न सरावतो तोच दहाव्या प्रकरणाच्या शेवटी हाती आलेल्या अंगठ्या हिरावल्या जातात आणि चुकलेली चाल मागे घेऊ देणारा कालस्फटिकही जातो. अकराव्या प्रकरणात त्याविना पळ काढावा लागतो. पराभव इथे खेळाच्या नियमांतूनच अंगावर येतो, संवादांची गरजच उरत नाही.

कथा मात्र तोकडी आहे. हजार वर्षांच्या झोपेतून उठलेला दिव्य ड्रॅगन अलियर आणि दुष्ट ड्रॅगन सोम्ब्रॉन यांच्या झुंजीत नैतिक पेच फारसा नाही. मृत्यूचे प्रसंग लांबतात. जुन्या नायकांना अंगठीत आणून त्यांच्या तोंडी कौतुकाची चार वाक्येच दिली, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्याला विशेष लागते. दोन लढायांमधल्या तळावरची किरकोळ कामेही लवकर कंटाळा आणतात.

मुरलेल्या खेळाडूने 'हार्ड' पातळी आणि पडलेले पात्र न परतणारी 'क्लासिक' पद्धत निवडावी. 'नॉर्मल'वर चाली हव्या तितक्या मागे घेता येतात, त्यामुळे तिथे शस्त्रांच्या त्रिकुटाचा कस लागतच नाही. नवख्याने मात्र 'नॉर्मल' आणि 'कॅज्युअल' यांपासूनच सुरुवात करावी. शस्त्रांचा क्रम अंगवळणी पडायला पहिली काही प्रकरणे पुरतात.