हौद्यातले घर आणि दारावरचा आकडा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आजच्या बहुतेक पिकअप ट्रकांचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की चौकटीवर दोन लेबले दिसतात. एकावर सर्व भारासह गाडीचे कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची स्वतंत्र मर्यादा छापलेली असते. दुसऱ्या, पिवळ्या-पांढऱ्या लेबलावर माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जाऊ नये, ते एका वाक्यात सांगितलेले असते. हौद्यात कॅम्पर बसवून ट्रकचे फिरते घर करू पाहणारा माणूस सहसा इथून सुरुवात करत नाही. तो सुरुवात करतो स्प्रिंगच्या जादा पाट्यांपासून, जाड टायरांपासून, चासी आणि ॲक्सलच्या मध्ये बसवायच्या हवेच्या रबरी स्प्रिंगांपासून. ट्रक मागून बसला की काहीतरी जोडून तो उचलायचा आणि सरळ उभा राहिला की काम झाले, अशी समजूत या छंदात खोलवर रुजली आहे. ही समजूत चुकीची आहे आणि महागातही पडते, असे माझे म्हणणे आहे. कॅम्परसाठी ट्रकमध्ये जे बदल केले जातात, त्यांतले बहुतेक गाडीची वागणूक सुधारतात. भार पेलण्याची तिची अधिकृत क्षमता त्यांनी वाढत नाही. तो निर्णय ट्रक विकत घेतानाच होऊन गेलेला असतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ट्रक कॅम्पर म्हणजे चाके नसलेले छोटे घर. त्याच्या चार कोपऱ्यांना जॅक असतात. त्यांवर ते उचलून उभे करायचे, ट्रक मागे घेत त्याच्या पोटाखाली आणायचा आणि घर हौद्यात उतरवायचे. त्याचा पुढचा भाग केबिनच्या टपावर येतो आणि तिथेच पलंग असतो. आत शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि बऱ्याचदा न्हाणीघरही असते. जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच घरातून अमेरिका पाहायला निघाला होता. जीएमसी ट्रकवर कॅम्पर चढवून त्याने गाडीला डॉन किहोतेच्या घोड्याचे, म्हणजे रोसिनान्ते, हे नाव दिले. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनास इथल्या स्टाइनबेक केंद्रात पाहायला मिळते. त्या दशकात कॅम्परची आवड इतकी वाढली की ट्रक कंपन्या कारखान्यातूनच ‘कॅम्पर स्पेशल’ गाड्या देऊ लागल्या. फोर्डने १९७३ सालच्या एफ-३५० ‘सुपर कॅम्पर स्पेशल’साठी दोन ॲक्सलमधले अंतर १४० इंचांपर्यंत वाढवले, म्हणजे मागचे चाक आणखी मागे नेले. हे मला फार बोलके वाटते. कॅम्पर नीट वाहायचा तर नुसता कडक पाटा पुरत नाही, भार कुठे पडतो तेच बदलावे लागते, हे त्या काळच्या अभियंत्यांना ठाऊक होते आणि त्यासाठी त्यांनी चासीत हात घातला.

आता हिशेब मांडू. ‘पाऊण टनी’ वर्गातला ट्रक घ्या, चार दारांचा, डिझेल इंजिनाचा, चारही चाकांना जोर असलेला. नावातल्या पाऊण टनाला आज काही अर्थ उरलेला नाही, ती नुसती ओळख आहे. अशा पुष्कळ ट्रकांची कमाल मर्यादा १०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,५३५ किलो असते आणि इंधन भरलेल्या रिकाम्या गाडीचे वजनच ३,४०० किलोंच्या आसपास भरते. उरले ११०० किलो. मधल्या आकाराचा, पक्क्या भिंतींचा कॅम्पर माहितीपत्रकात १,२०० किलोंचा दिसतो. म्हणजे पहिल्याच ओळीत आपण रेषा ओलांडली. त्यात ४० गॅलन पाणी म्हणजे आणखी १५० किलो, कारण अमेरिकी गॅलनभर पाण्याचे वजन पावणेचार किलोंहून थोडे जास्त असते. मग गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडी, अंथरुणे, अन्न, हत्यारे आणि दोन माणसे. सगळे धरून बेरीज १,७००च्या पुढे जाते. माहितीपत्रकातले ‘कोरडे वजन’ इथे फसवते. १९७०च्या दशकापासूनच्या संघीय नियमाप्रमाणे कॅम्परवर जे लेबल लावावे लागते, त्यात भरलेले पाणी आणि गॅस धरून वजन लिहायचे असते. पण तेही मूळ साहित्यापुरतेच. वरचा एसी, बाजूची छत्री, जनरेटर अशा जादा वस्तू त्यात येत नाहीत. घेणाऱ्याने वाचायचे ते हे लेबल, आणि त्यात जादा वस्तूंचे वजन स्वतः मिळवायचे. डिझेल इंजिनाच्या मोहाबद्दलही इथेच बोलले पाहिजे. ते चढावर निःसंशय जोमदार असते, पण पेट्रोल इंजिनापेक्षा दीड-दोनशे किलोंनी जड असते, आणि तेवढी वहनक्षमता ते स्वतःच खाऊन टाकते.

एवढा भार पडल्यावर ट्रक मागून बसतो आणि मालकाचे लक्ष पाट्यांकडे जाते. इथे कोणता सुटा भाग काय करतो ते नीट पाहावे. जड ट्रकांच्या मुख्य पाट्यांवर एक जाड जादा पाटा असतो. गाडी बरीच दबल्यावर तो टेकतो आणि मग भार घेतो. तो लवकर टेकावा म्हणून मधल्या फटीत ठोकळे बसवता येतात. साधा, स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उपाय. अँटी-रोल बार गाडीचे वळणावर कलंडणे कमी करतो. उंच, वरून जड घर वाहताना त्याचा फरक पहिल्याच वळणाला कळतो. चांगले शॉक ॲब्सॉर्बर घराचे डोलणे लवकर थांबवतात. हवेच्या स्प्रिंगा लोकप्रिय आहेत, कारण हवा कमी-जास्त करून गाडी हवी तितकी उचलता येते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दाबली गेलेली बाजू आपली हवा दुसरीकडे ढकलते आणि झुकाव वाढतो. त्याहून मोठी बाब चासीची आहे. पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर देतो. हवेची स्प्रिंग तोच भार ॲक्सलच्या वर एका जागी देते. घर लांब असेल, त्याचे वजन ॲक्सलच्या मागे लोंबत असेल आणि रस्ता खड्ड्यांचा असेल, तर चासी नेमकी तिथे वाकते. ऑस्ट्रेलियात चार दारांच्या लहान पिकअपांच्या वाकलेल्या चासींची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे, त्यात हे कारण पुन्हा पुन्हा येते. म्हणजे गाडी सरळ उभी दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा तर नाहीच, उलट पाटे बसून जी सूचना देत होते ती झाकली जाते.

पाट्यांच्या पलीकडे ॲक्सल, रिम, टायर आणि ब्रेक आहेत, आणि कोणताही ठोकळा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हलक्या, अर्ध्या टनी ट्रकांत मागचा ॲक्सल बहुधा असा असतो की चाक फिरवणारा दांडाच गाडीचे वजनही पेलतो. जड ट्रकांत वजन बाहेरचे कवच आणि हब घेतात. दांड्याचे काम फक्त फिरवण्याचे, आणि तो बाहेर काढला तरी चाक जागेवर राहते. ही रचना कारखान्यात ठरते. टायरचा आकडा तर त्याच्या भिंतीवरच छापलेला असतो. १२५ भारांकाचा टायर पूर्ण हवेवर १,६५० किलो घेतो, १२१चा १,४५०. दोन चाकांचे मिळून एका जोडीला ३,३००, तर दुसरीला २,९००. मोटारीसाठी बनलेले टायर ट्रकवर असतील तर त्यांची क्षमता १.१ने भागून धरायची, असा अमेरिकी नियम आहे. टायर बदलणे हा म्हणूनच खरा, मोजता येणारा बदल आहे. काही जण १९.५ इंची व्यापारी टायरांवर जातात आणि त्यांना मर्यादेपर्यंत मुबलक अंतर मिळते. पण रिमची मर्यादा वेगळी असते, आणि साखळीतली सर्वांत कमी मर्यादा तीच गाडीची मर्यादा.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज गाडीच्या एकूण मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त भरते. मग एकूण मर्यादा हा केवळ कागदी आकडा नाही का? १०,००० पौंडांच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. काही राज्यांत त्या रेषेवर नोंदणीचा वर्ग बदलतो, म्हणून कंपन्या तिथे थांबतात. त्याच कंपनीच्या ‘एक टनी’ ट्रकात फरक कधी कधी थोड्या पाट्यांचा असतो. पण याचा निष्कर्ष मला उलटा दिसतो. दोन गाड्या इतक्या सारख्या असतील आणि किमतीतला फरक थोडा असेल, तर वरच्या आकड्याचीच घ्यावी. नंतरच्या जोडकामाचा खर्च त्या फरकाइतका सहज होतो आणि लेबल मात्र जुनेच राहते. अपघातानंतर विमा कंपनी किंवा न्यायालय वाचेल ते लेबल. दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: अमुक माणूस वर्षानुवर्षे जादा भार घेऊन फिरतो आहे, काही झाले नाही. कोरड्या, सपाट रस्त्यावर जादा भार पेलला जातो, हे नाकारायचे कारण नाही. मर्यादा आखलेली असते ती लांब उतारावर तापलेल्या ब्रेकसाठी, उन्हात फुटणाऱ्या टायरसाठी, अचानक समोर आलेल्या हरणासाठी. असा प्रसंग न आलेला प्रवास त्या मर्यादेविषयी काहीच सिद्ध करत नाही.

तिसरा आक्षेप ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतो. तिथे पाटे बदलून गाडीची कमाल मर्यादा कायदेशीरपणे वाढवून मिळते, मग अमेरिकेत का नाही? उत्तर पद्धतीत आहे. तिथे नवी गाडी नोंदणीपूर्वी दुसऱ्या टप्प्याचा निर्माता हाती घेतो आणि पाटे, शॉक, गरजेप्रमाणे इतर भाग यांच्या ठरावीक जुळणीला मंजुरी घेतो. त्यात ब्रेकही तपासले जातात आणि नंतर गाडीवर नवे लेबल लागते. म्हणजे क्षमता वाढते ती संपूर्ण गाडीची जबाबदारी कोणीतरी घेतल्यामुळे. डब्यात घालून विकलेला एकटा सुटा भाग तशी जबाबदारी घेत नाही. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच धाटणीचे आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात पिकअपवर घर चढवण्याचा विचार करणाऱ्याने पाट्यांच्या दुकानाआधी परिवहन कार्यालयात जावे, ते एवढ्यासाठी.

काही बदल मात्र करायलाच हवेत आणि त्यांबद्दल दुमत नसावे. हौद्यातले गुळगुळीत प्लास्टिकचे अस्तर काढून जाड रबरी चटई घालावी. घर सरकत नाही ते घर्षणामुळे. घर बांधायचे ते चासीला, कारण हौद्याचा पत्रा अशा ओढीसाठी बनलेला नसतो आणि जड घर त्याचे आकडे उपटून काढू शकते. फार हलक्या घरांना हौद्यातले आकडे चालतात, तेही कंपनीने मान्य केले असेल तरच. टोयोटा टॅकोमासारख्या काही ट्रकांचा हौदा तर २००५पासून प्लास्टिकमिश्रित आहे. वायरिंगही दुर्लक्षित राहते. ट्रेलरच्या सात पिनांच्या जोडणीतली वायर बारीक असते, लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडते आणि घरातली बॅटरी दिवसभर प्रवास करूनही अर्धवट भरते. जाड तांब्याची वेगळी वायर, तिला दोन्ही टोकांना फ्यूज आणि डीसी-डीसी चार्जर, एवढ्याने हा प्रश्न मिटतो.

राहिला अर्ध्या टनी ट्रकाचा मालक. त्याच्या लेबलावर बहुधा ६०० ते ९०० किलो लिहिलेले असते आणि त्याला नवा ट्रक परवडत नाही. त्याला निराश करण्याचे कारण नाही, पण बदलायचे असेल तर त्याने घर बदलावे. कापडी भिंतींचे, छत वर उचलले जाणारे, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे कॅम्पर ४००-५०० किलोंपासून मिळतात. वाऱ्याला कमी अडतात आणि त्यांचा गुरुत्वमध्य खाली असतो. माझ्या दृष्टीने योग्य क्रम आधी घर निवडण्याचा आहे: घराचे भरलेले वजन काढावे, मग ट्रक शोधावा. ज्यांच्याकडे ट्रक आधीच आहे त्यांनी हाच हिशेब उलट्या बाजूने सोडवावा.

आणि जे काही जमेल ते शेवटी वजनकाट्यावर न्यावे. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर असे काटे असतात, जे पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून देतात. गाडी एकदा रिकामी न्यावी, एकदा पाणी, गॅस, अन्न आणि माणसांसकट. मागच्या ॲक्सलचा आकडा लेबलाशी आणि टायरांच्या बेरजेशी ताडून पाहायचा, ते उघडच आहे. पण पुढच्या ॲक्सलचा आकडा अनेकांच्या नजरेतून सुटतो. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे असेल तर पुढचा ॲक्सल रिकाम्या गाडीपेक्षा जड भरतो. तो हलका भरला, तर बैलगाडी मागच्या ओझ्याने उलाळ व्हावी तसा ट्रक पुढून उचलला जातो आहे आणि स्टिअरिंगच्या चाकांची पकड कमी होते आहे, असे समजावे. अशा वेळी बॅटऱ्या, पाणी आणि जड सामान पुढे सरकवून पुन्हा तोलावे, आणि तरीही आकडा सुधारला नाही तर ते घर त्या हौद्यासाठी लांब आहे.