काळजाच्या पोटचाऱ्या



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणेप्रक्रिया सोडून काळजावर लिहावे, याचे नवल वाटेल. पण एका गाळप हंगामात कळंब भागातल्या एका सभासदाची छाती पहाटेपासून दाटून आली होती. "टोळी फडात आहे, तोड झाल्यावर बघू," म्हणून ते दुपारपर्यंत बांधावर बसून राहिले. मीही तिथेच होतो. पित्त असेल म्हणालो अन् सोडा दिला. ते अजून बोचते.

हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या म्हणजे मुख्य चाऱ्या. त्यांत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. चारी हळूहळू अरुंद झाली, तर शेजारच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतून जास्त रक्त वाहू लागते. त्या ओढीने त्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, भिंत सैल पडते आणि वाढीची इतर द्रव्ये तिला आठवड्या-महिन्यांत रुंद करतात. अशा पोटचाऱ्यांवर कित्येकांचे हृदय तगून असते. नायट्रिक ऑक्साइडचे हे काम उलगडणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की नोबेलसाहेबांनी ज्या नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट केला, तेच औषध म्हणून जिभेखाली ठेवले की शरीरात हाच वायू सुटतो. विहिरीवर सुरुंग उडवणाऱ्यांना सांगितले तर हसतात.

अशा वाटा हाताने पाडायचा विचार आपल्या मुंबईतही झाला. सापाच्या हृदयाचा स्नायू बरेचसे रक्त थेट आतल्या कप्प्यातून घेतो. त्यावरून परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन व सहकाऱ्यांनी १९६५ साली स्नायूला सुईने भोके पाडण्याची पद्धत मांडली. पुढे लेसरनेही तसे केले गेले. पण भोके बुजतात, असे दिसले. वाढीची द्रव्ये टोचूनही पाहिली, रोजच्या उपचारात ती काही आली नाहीत.

तंबाखू आणि मधुमेह हे अस्तर बिघडवतात. (साखर कारखान्याच्या अंकात हे लिहितो, संपादकांनी सांभाळून घ्यावे.) रोजच्या चालण्याने ते सुधारते.

मात्र पोटचारी रुंद व्हायला महिने लागतात, अन् थर फुटून गुठळी झाली की मुख्य चारी काही मिनिटांत बंद पडते. छातीवर दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, गार घाम, अशा वेळी तोड, वजनकाटा सगळे सोडून १०८ लावावा. मधुमेहींना कधी नुसताच दम लागतो.

त्या सभासदांना संध्याकाळी सोलापूरला नेले. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग निकामी झाला. आता ते फडात येतात, पण बांधापासून मोटारीपर्यंत जाताना दोनदा बसावे लागते.