मधुमेह व शिक्षकांची दिनचर्या

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग होय, ही समजूत वऱ्हाडात अद्यापि आढळते. ती खरी नव्हे. अमरावती-अकोल्याच्या शेतांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि ताटात भाकरीऐवजी पोळी-भात वाढला. भाकरी हितकर खरी, परंतु तीही साखर वाढवितेच. औषध समजून ती पोटभर खाऊ नये.

अधिक अडचण चहाची. पालकभेटीस निघालेल्या शिक्षकास घरोघरी चहा घ्यावा लागतो. कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांत ५० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली इष्ट मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे. बिनसाखरेचा चहा मागितल्याने यजमानाचा अवमान होत नाही.

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम वा अधिक भरली व फेरतपासणीतही तशीच आली, तर मधुमेह समजावा. जेवणानंतर चालल्याने स्नायू ही साखर वापरतात.

वर्गातील एखादे मूल वारंवार पाणी पीत असेल, लघवीस जात असेल व वाळत चालले असेल, तर त्याच दिवशी पालकांसह त्याला दवाखान्यात पाठवावे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलास घाम, कंप वा भोवळ आल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.