दम

पहाटे 5.30
आधी खोकला, मग चहा. क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून बरीच वर्षं झाली. रोग गेला, उजव्या फुप्फुसावर व्रण ठेवून गेला. म्हणून रोज तीन चेंडूंचं यंत्र हातात घ्यायचं. नळीतून हवा ओढली की पहिला चेंडू सेकंदाला 600 घनसेंटिमीटरला उठतो, दुसरा 900ला, तिसरा 1200ला. तिसरा मला ओळख दाखवत नाही. कबड्डीत डावा कोपरा सांभाळणाऱ्या माणसाला हा अपमानच.

6.15
पेटीवर खर्जापासून पलटे. डाव्या हाताची करंगळी एका पकडीत मोडली ती वाकडीच बसली. पण भाता मारायला तिचं काय अडतं?

9.30
मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ दुरुस्तीचं काम. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हा पेटीवाल्यांना कोण विचारतो! पावसाळी हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. आज एका देवळाची पेटी आली आहे, तिचा पंचम उतरलाय. पितळी रीडची जीभ टोकाशी किंचित घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घाई केली की रीड वाया.

1.00
जेवण. झोप.

4.00
गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ला बसलेली पोरं. एकाची आई विचारते, “सर, तुम्ही खेळाडू ना? मग पेटी कधी शिकलात?” आजारपणात. पहिले दोन महिने चार औषधं, लघवी नारिंगी, अंगात त्राण नाही. खाटेशेजारी चुलत्यांची भजनाची पेटी होती. एवढंच. लोकांना यात काहीतरी दैवी ऐकायचं असतं.

6.30
दिवसाचं खरं काम हे. नाट्यगीतं गाणाऱ्या एका बाईंबरोबर कार्यक्रमाची तालीम.

चढाई करणारा आत आला की आम्ही कोपऱ्यातले त्याच्या पायांकडे बघायचो, पण कान त्याच्या ‘कबड्डी कबड्डी’वर. आवाज पातळ झाला, शब्द एकमेकांवर चढले की समजायचं, दम संपत आला. आता हा परतणार, आता घोट्याला हात घालायचा. 30 सेकंदांच्या घड्याळानं पुढे यातली मजा बरीच घालवली, असं माझं मत. साथीला हाच कान लागतो. बाईंचा श्वास कुठे संपणार ते तान सुरू होतानाच कळायला हवं. त्या थांबतात तिथे मी जागा भरायची आणि त्यांनी सूर धरला की मागे सरायचं. इथे पकडायचं नाही, एवढाच फरक.

कुमार गंधर्वांना 1947च्या सुमारास क्षय झाला, देवासला राहून काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं. त्यांच्या छोट्या, तुटक आलापांचं श्रेय लोक सरसकट अधू फुप्फुसाला देतात. मला ते अर्धंच पटतं. फुप्फुस माझंही अधू आहे; तेवढ्यावर गाणं येत असतं तर मी पेटी कशाला धरली असती?

बाई तिसऱ्यांदा अंतरा घेतात. “मास्तर, तुम्ही मला श्वास घेऊ देता,” म्हणतात. बाकीचे साथीदार काय करतात, ते विचारलं नाही.

8.45
घरी जाताना मैदानावरून. दिव्याखाली पोरं सराव करतायत. जुना कप्तान हल्ली प्रशिक्षक झालाय, तो लांबूनच ओरडतो, “ए कोपऱ्या, रविवारी सामने हायेत. राष्ट्रगीताला पेटी घिऊन ये.”
“बिदागी?”
“वडापाव.”
“दोन,” मी म्हणतो, “आणि पेटी उचलायला एक पोरगं धाड.”