झाड आपलं, जमीन आपली, मग परवानगी कशाला? तोडीआधी आणि लागवडीआधी हे वाचा

दिवाळी झाली, भात घरात आलं, की कोकणातल्या गावागावांत लाकडाचे व्यापारी फिरायला लागतात. रानात फेरी मारतात, ऐन-किंजळ मोजतात आणि पडवीत बसून आकडा सांगतात. वर एक वाक्य ठरलेलं, "काका, परमिशनचं टेन्शन घेऊ नका, ते मी बघतो."

नेमकं इथंच अनेक जण फसतात. परवानगी व्यापाऱ्याने काढली नाही आणि गाडी नाक्यावर अडली, तर पहिला प्रश्न येतो की माल कुठल्या सातबाऱ्यावरचा? आणि सातबाऱ्यावर नाव असतं तुमचं. त्यामुळे झाड विकण्याआधी नियम स्वतः समजून घेतलेला बरा. दुसरी गोष्ट, आज अनुदान घेऊन झाडं लावताना केलेली नोंद पुढे हीच झाडं तोडताना कामाला येते. ही जोडी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कोणत्या झाडांना परवानगी लागते?

ग्रामीण भागात खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ हा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ही झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवनातली झाडं.

यादी नीट बघा. आंबा आणि फणस त्यात आहेत. म्हणजे आजोबांनी परसात लावलेला रायवळ आंबा घराच्या दारं-खिडक्यांसाठी पाडायचा म्हटला, तरी आधी अर्ज करावा लागतो. काजू मात्र या यादीत नाही.

यादीत नसलेलं झाड म्हणजे मोकळं रान, असंही समजू नका. जमिनीची धूप होत असेल किंवा सातबाऱ्यावर वनाची नोंद असेल, तर महसूल आणि वन खात्याचे वेगळे नियम लागतात. शंका असेल तर तोडीआधी तलाठी आणि वनपाल या दोघांनाही विचारा.

दापोली, गुहागर, देवरुख, लांजा अशा नगरपंचायतींच्या हद्दीत १९७५ चा शहरी भागाचा वृक्ष कायदा लागतो. तिथे अर्ज नगरपंचायतीकडे करायचा. वाडी हद्दीच्या आत की बाहेर, हे आधी बघा.

बांबूचं काय?

बांबूला सूट आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने भारतीय वन अधिनियमात बदल केला आणि 'झाड' या व्याख्येतून बांबू काढला. त्यामुळे स्वतःच्या शेतातला, बांधावरचा बांबू तोडायला किंवा न्यायला या कायद्याचा पास लागत नाही. जंगलातल्या बांबूला ही सूट नाही. टेम्पोसोबत सातबाऱ्याची प्रत ठेवली, तर रस्त्यात वाद होत नाही.

अर्ज कुठे, कागद कोणते?

सुरुवात आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून करा. साधारणपणे हे कागद मागतात:

– ताजा सातबारा आणि आठ-अ
– गटाचा नकाशा आणि हद्दीची खात्री
– कोणती झाडं, किती, कशासाठी तोडायची याचा तपशील
– सगळ्या सहहिस्सेदारांची संमती
– आधार आणि बँक पासबुकाची प्रत

अर्ज दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या. तोंडी "देऊन ठेवलाय" याला अर्थ नाही. पुढे विचारपूस करायची तर पोचेवरची तारीखच उपयोगी पडते. त्यानंतर कर्मचारी जागेवर येतात, झाडं मोजतात, खुणा करतात. खूण केलेलीच झाडं तोडायची. शेजारचं एक जास्तीचं गेलं, तर तेवढ्यावरून अख्खं प्रकरण अडकतं. नवीन झाड लावण्याची अटही परवानगीत असू शकते, ती वाचून घ्या.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथे

आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे सामाईक सातबारा. नावं पंधरा, त्यातली चार मयत, सहा मुंबईला, एक सुरतेला. एका भावाने परस्पर व्यवहार केला आणि शिमग्याला गावी आलेल्या दुसऱ्याने रान उघडं बघितलं, की तक्रार होते आणि भाऊबंदकी सुरू होते.

यावर उपाय आहे, पण तो तोडीच्या वर्षी सुरू करून भागत नाही. मयतांच्या वारसनोंदी आधी करून घ्या. गणपतीला, शिमग्याला सगळे गावी जमतात, तेव्हाच संमतीपत्रावर सह्या घ्या. पैसे कसे वाटायचे तेही त्याच कागदावर लिहा.

दुसरी अडचण हद्दीची. आपल्या गटाला लागून राखीव वन असेल, तर मोजणी झाल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'खाजगी वन', 'वनसंज्ञा' असा शेरा असेल, तर साध्या अर्जावर काम होणार नाही. आधी त्या नोंदीचा निकाल लावावा लागतो.

आदिवासी खातेदारांसाठी

आदिवासी खातेदारांच्या झाडांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याने कवडीमोलाने झाडं उचलू नयेत म्हणून तो केला. त्यांची झाडं व्यापाऱ्याला परस्पर विकता येत नाहीत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होऊन खर्च वजा जाता रक्कम खातेदाराला मिळते. वेळ लागतो, हे खरं. पण कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन हातावर पाच-दहा हजार ठेवणाऱ्याला तुमच्या रानाची किंमत तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते.

तोड झाली म्हणजे संपलं नाही

तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास हे दोन वेगळे कागद आहेत. पासाशिवाय माल रस्त्यावर आला, तर लाकडाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी एकच ऑनलाइन वाहतूक पास यंत्रणा सुरू केली. आपल्या मालाला तिथून पास मिळतो का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

आता लागवडीचं अनुदान

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांना अनुदान आहे. कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळतात. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगली पाहिजेत. वणव्यात किंवा गुरांनी रोपं गेली, तर पुढचा हप्ता अडतो. म्हणून रोपांच्या आधी कुंपण आणि जाळपट्ट्याचा विचार करा.

आता हीच चार नावं वरच्या यादीत शोधा. चारही आहेत! सरकार ज्या झाडाला अनुदान देतं, तेच झाड पुढे तोडायला परवानगी लागते. तेव्हा "हे झाड मी लावलंय" हे दाखवायला कागद हवा.

म्हणून तीन कामं आजच करा. लागवडीची मंजुरी आणि रोपांच्या पावत्या जपून ठेवा. मोबाईलवर ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडंही नोंदवा. आणि लागवडीचे फोटो ठिकाण-तारखेसह काढून ठेवा.

याला आणखी एक कारण आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांना पाठवले. त्यात लागवडीची ऑनलाइन नोंदणी आधी आणि तोडीची परवानगी नंतर, अशी रचना आहे. दहापर्यंत झाडं असतील तर फोटो टाकून ना-हरकत मिळावी आणि त्याहून जास्त असतील तर जागेवर पडताळणी व्हावी, असं त्यात म्हटलंय. हे नियम राज्याने स्वीकारल्यावरच इथे लागू होतात. त्यामुळे "आता परवानगीच लागत नाही" असा व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज वाचून कुऱ्हाड उचलू नका.

व्यापारी पुन्हा पडवीत येईल. त्याला एवढंच सांगा, "परवानगीचा कागद आधी माझ्या नावावर येऊ दे, मग रान दाखवतो."