चेल्सीच्या लाल कोटाआड

लंडनच्या चेल्सीमधले लाल कोटातले वृद्ध सैनिक पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांना सवयीचे झाले आहेत. या देखण्या चित्रामुळे इंग्लंडने आपले जुने शिपाई कसे पोसले याबद्दल बऱ्याच भाबड्या समजुती रुजल्या.

गैरसमज : राजा चार्ल्स दुसरा याची प्रेयसी नेल ग्विन हिला एका लंगड्या शिपायाची दया आली, म्हणून चेल्सीचा आश्रम उभा राहिला.

वस्तुस्थिती : गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1670 मध्येच पॅरिसमधल्या अँव्हालिद या जुन्या सैनिकांच्या आश्रमाचा हुकूम काढला होता. त्याची बरोबरी करण्याची हौस चार्ल्सला होती. शिवाय खड्या फौजेत थकलेल्या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न होताच. 1682 मध्ये पाया घातला गेला, आराखडा ख्रिस्तोफर रेनचा. पहिले रहिवासी आले 1692 मध्ये, तोवर चार्ल्सला जाऊन सात वर्षं झाली होती. आणि पैसा? शिपायांच्या पगारातून पौंडामागे एक शिलिंग कापला जाई, वर वर्षातून एक दिवसाचा पगार. राजाच्या नावाने मिरवणाऱ्या दानाचा मोठा भाग असा शिपायांच्याच खिशातून आला.

गैरसमज : चेल्सीच्या आधी जखमी शिपायाला भीक मागण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वस्तुस्थिती : भीक पुष्कळांनी मागितली, पण मदतीचा कायदा चेल्सीच्या सुमारे शंभर वर्षं आधीचा आहे. पहिल्या एलिझाबेथच्या काळात, 1593 मध्ये, पार्लमेंटने अपंग सैनिक आणि खलाशांसाठी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, साप्ताहिक पट्टी बसवली. 1601 च्या कायद्यात ती दोन ते दहा पेनी ठरली. पैसे परगण्याच्या खजिनदाराकडे जमत आणि तिमाही न्यायसभेत वाटप होई. साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त दहा पौंड, लेफ्टनंटला वीस. ही कमाल मर्यादा होती; हातात बहुधा त्याहून बरंच कमी पडे.

ही मदत चर्चच्या दारातल्या भिकेपेक्षा वेगळी होती. शिपाई ज्या परगण्यातून भरती झाला, तिथे तो ती कायद्याने मागू शकत असे. मात्र हक्क सिद्ध करावा लागे : कप्तानाचा दाखला हवा, अंगावरच्या जखमा हव्यात, आणि लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून देणारा कोणी हवा. कप्तानच लढाईत मेला असेल तर दाखला आणायचा कुठून? सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल.

गैरसमज : जो देशासाठी लढला, त्याला पेन्शन मिळाली.

वस्तुस्थिती : कोणाच्या बाजूने लढला, हे आधी पाहिलं जाई. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात पार्लमेंटने आपल्या जखमींना आणि विधवांनाही मदत देऊ केली. 1660 मध्ये राजेशाही परतली आणि पारडं फिरलं. 1662 च्या कायद्याने राजनिष्ठांची सोय झाली. पार्लमेंटच्या जुन्या शिपायांची नावं याद्यांतून गळाली. गुडघा तोच, गोळी तीच, फक्त सरकार बदललं होतं.

गैरसमज : पेन्शनर म्हणजे चेल्सीत राहणारे म्हातारे.

वस्तुस्थिती : आत जागा जेमतेम पाचशेच्या आसपास. उरलेले घरी राहून पेन्शन घेत; सात वर्षांच्या युद्धानंतर त्यांची संख्या दहा हजारांवर गेली होती. नेहमीचा दर दिवसाला पाच पेनी. तेही पैसे मुदत उलटल्यावर मिळत, त्यामुळे अधल्यामधल्या काळात सावकाराचं फावे. 1754 मध्ये विल्यम पिटने कायदा करवून सहा महिन्यांची रक्कम आगाऊ द्यायला लावली, तेव्हा कुठे हा फास सैलावला.

गैरसमज : पेन्शन मिळाली की चाकरी संपली.

वस्तुस्थिती : युद्ध आलं की घरच्या पेन्शनरांना किल्ल्यांच्या पहाऱ्यावर बोलावत. 1740 मध्ये तर नौदल अधिकारी अ‍ॅन्सनच्या प्रशांत महासागरातल्या मोहिमेवर असे 500 जण पाठवायचं ठरलं. त्यांतल्या काहींनी साठी, काहींनी सत्तरीही ओलांडली होती. ज्यांच्या पायांत बळ होतं ते पोर्ट्समथमधूनच पळाले; 259 जण जहाजांवर चढले. त्यांतले बहुतेक समुद्रावरच दगावले.