फाइल नाकारली तरी फी का जाते? बिल्डर व्हायच्या आधी हा हिशोब समजून घ्या

"सर, लोन तर नाकारलं. पण फी परत मिळेल ना?"

इतवारीतले एक हार्डवेअरचे व्यापारी माझ्यासमोर बसून विचारत होते. वडिलांचं जुनं घर पाडून खाली तीन दुकानं, वर सहा फ्लॅट काढायचे, असा त्यांचा प्लॅन. ४० लाखांच्या कर्जासाठी फाइल टाकली. प्रोसेसिंग फी, वकिलाची टायटल सर्च फी, व्हॅल्युएशन फी, सगळं भरलं. महिन्याभरात वकिलाचा रिपोर्ट आला: आखीव पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव. वारस नोंद नाही, बहिणींची संमती नाही. फाइल बंद.

"काम झालं नाही, मग पैसे कशाचे?" भाऊ चिडले होते.

मित्रांनो, पैसे तपासणीचे होते आणि तपासणी झाली होती. वकिलाने कागद वाचले, व्हॅल्युअर जागेवर येऊन गेला. उत्तर 'नाही' आलं म्हणून मेहनत फुकट होत नाही.

मागणारा तपासणीचा खर्च देतो

हा नियम फक्त बँकेचा नाही. महापालिकेत किंवा नासुप्रमध्ये नकाशा टाकला की छाननी शुल्क अर्जदारच भरतो. कारण साधं आहे. एकाच्या नफ्याच्या प्रकल्पाची तपासणी बाकीच्या करदात्यांनी का पोसायची?

महारेराचंच बघा. नोंदणी शुल्क जमिनीच्या प्रति चौरस मीटरला १० रुपये, पण किमान ५० हजार आणि कमाल १० लाख. म्हणजे २,००० चौ. मी. चा प्लॉट असेल तर गुणाकार २० हजार येतो, पण भरावे लागतात ५० हजार. नोंदणीनंतर ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे. ते काढताना इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए यांचे दाखले लागतात. त्यांची फीसुद्धा बिल्डरकडूनच.

जमीन ५०० चौ. मी. पेक्षा जास्त नसेल किंवा युनिट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. पण लक्षात ठेवा, दुकानंही मोजली जातात! सहा फ्लॅट आणि तीन दुकानं म्हणजे नऊ. मग प्लॉटचं माप बघावं लागतं.

आता आकडा मांडू

समजा बँकेने १ टक्का प्रोसेसिंग फी सांगितली. ४० लाखांवर झाले ४० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७,२०० रुपये. एकूण ४७,२००. वकील आणि व्हॅल्युअर वेगळे. कर्जाचा एक रुपया हातात यायच्या आधीचा हा खर्च आहे. बहुतेक जण सिमेंट, लोखंड, मजुरी लिहितात आणि हाच रकाना विसरतात.

मग आपण काय करायचं?

१. स्वतःची तपासणी आधी करा. आखीव पत्रिका काढा. जागा नझूलची किंवा लीजची आहे का, नूतनीकरण झालं का, ते बघा. आपल्या वकिलाला आधी दिलेले थोडे पैसे पुढची मोठी फी वाचवतात.

२. फाइल टाकण्याआधी लेखी विचारा. कोणती फी कधी लागेल आणि नाकारल्यास कोणती परत मिळेल? तोंडी "बघू ना भाऊ" चालणार नाही.

३. केएफएस मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या एमएसएमई मुदत कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. वकील, विमा अशा तिसऱ्याच्या नावाने वसूल केलेल्या पैशांची पावतीही मागा, तो तुमचा हक्क आहे.

४. फुकटच्या कामाला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. त्यासाठी एजंटला हजार रुपये कशाला?

तपासणीची फी टाळता येत नाही. पण तीच फी दोनदा भरायची वेळ टाळता येते.

आपले हार्डवेअरवाले भाऊ आता आधी वारस नोंद करून घेत आहेत. बहिणींशी बोलणंही झालं. नवीन फाइल त्यानंतरच. तुम्हीही आज एक काम करा: वहीत 'तपासणी खर्च' असा रकाना आखा, आणि पहिला आकडा स्वतःच्या वकिलाच्या फीचा लिहा.